खालच्या चोचीचे दात

सवाई बेट, सोमवार

प्रिय बाबा,

सर्वांना नमस्कार. माझा खोकला गेला, आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

रविवारच्या जेवणासाठी तुम्ही मारून, डोक्यासकट भाजून पाठवलेली रानकबुतरं मिळाली. मी खाता खाता थांबले, तर ताट वाढणाऱ्या सिएनीमावशी हसल्या, "अगं, पक्षी मोजायला आलीस की हाडं?"

बाबा, एकाच्या खालच्या चोचीला दात होते. तो मानुमेआ, जवळजवळ नामशेष झालेला. ज्याला शोधायला मी इथे आले, ज्याचा सहा महिन्यांत आवाजही ऐकला नाही, तोच. पानांआड तो आणि साधं रानकबुतर सारखेच दिसतात, हे तुम्हीच शिकवलंत.

नोंदवहीत चोच लिहिली. मारणारा म्हणून तुमचं नाव लिहायला हात धजत नाही; त्याच्या शिकारीला बंदी आहे. खोटं लिहू नये, हेही तुम्हीच शिकवलंत.

रागवा हवं तर, पण लगेच कळवा: कुठल्या झाडावर होता? जवळ दुसरा होता का?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची मोएलागी