बॉयलरच्या खोलीतला खोकला

१४ जुलै १९८५

पोरांनी आज पुन्हा बंद दवाखान्याची मागची खिडकी उचकटली! बॉयलरच्या खोलीत शिरून पाइपांवरचा पांढरा लेप खरवडून आणला, आणि माझ्याच दारासमोर त्यानं लंगडीचं रिंगण आखत बसले. "बाई, फुकटचा खडू!" — शेजारच्या आक्काबाईचा नातू, गोट्या. तोंडभर भुकटी. हातातलं हिसकावलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, परसात खड्डा करून पुरलं.

दवाखाना चालू होता तेव्हा हे त्याच बॉयलरवर कामाला. तोच लेप फोडायचे, कालवायचे, परत थापायचे. घरी यायचे तर भुवया पांढऱ्या. मी हसायचे. म्हातारे झालात म्हणायचे! म्हातारपण बघायला राहिले कुठे?

१६ जुलै

नगरपालिकेच्या कचेरीत गेले. साहेबांना सगळं पुन्हा सांगितलं — मुंबईच्या डॉक्टरांनी ह्यांच्या छातीचा फोटो बघून काय सांगितलं ते. अ‍ॅसबेस्टॉसची धूळ आत जाऊन बसते, वीस वर्षांनीसुद्धा गळा धरते. ती खोली विटांनी बुजवा, एवढंच मागणं. साहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अहो बाई, माझ्या घरावर अ‍ॅसबेस्टॉसचेच पत्रे आहेत. मी मेलो का?" शिपाईसुद्धा हसला. वर म्हणे, "जयराम बिड्या ओढत असेल!"

ह्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही. पत्रा वेगळा, भुकटी वेगळी — हे सांगायला तोंड उघडलं, तोवर साहेब उठून गेलेले.

२ ऑगस्ट

वस्तीतल्या आयांना सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१९ ऑगस्ट

गोट्या पुन्हा त्या खिडकीत लोंबकळत होता. माझं डोकंच फिरलं. ओरडले — "उतर खाली! आत कुणीतरी खोकतंय, ऐकू येत नाही?"

पोरगं धप्पकन खाली, आणि पळालं ते थेट घरात.

काय बोलून गेले मी! भूत-बीत काही नसतं, हे सबंध नोकरीभर पोरांना शिकवलं. रोज सकाळी पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. आज मोडलं.

पण संध्याकाळी खिडकीत एकही पोर नव्हतं.

२५ ऑगस्ट

अजून कुणी तिकडे फिरकलेलं नाही. आक्काबाई हळूच विचारायला आली. "बाई, जयरामदादाच का ओ?" नाही म्हणायला हवं होतं. गप्प बसले. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं.

हे जिवंत असताना रात्रंदिवस खोकायचे. भिंतीला भिंत लागून घरं, पण कुणी कधी डोकावलं नाही. उलट टीबी म्हणून नळावर माझी कळशी बाजूला सारायचे. आणि आता मेलेल्या माणसाचा खोकला अख्ख्या वस्तीला ऐकू येतोय! धन्य आहे.

१० ऑक्टोबर

करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

दवाखान्यासमोर दगड बसवलाय. दगडाला शेंदूर. नाव काय, तर खोकलोबा! विंचूरकडून कुणी भगत आणला. त्यानं बॉयलरची खोली उघडायला लावून झाडून घेतली. झाडून! कोरड्या झाडूनं! झाडलेलं पांढरं पुड्यांत बांधून वाटलं. खोकल्यावर अंगारा. कपाळाला लावायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा.

मी रांगेत घुसले. "अरे, विष आहे ते! त्यानंच गेले हे!" आक्काबाईनं मलाच हात जोडले. "तुमचाच धनी हाय, बाई. तुमीच असं बोलू नका." आणि त्या भगतानं चक्क माझ्या पायांवर डोकं ठेवलं. का, तर मी देवाची बायको!

रांगेत आपल्यातलेही होते. माझी नजर चुकवत. विहारात अंगारे-धुपाऱ्यांवर भाषणं ठोकणारे हेच.

१३ नोव्हेंबर

लेक विमल बाळाला घेऊन कळवणहून सुट्टीला आलीय. बाळाला खोकला. मी दुधाला गेले, तेवढ्यात आक्काबाई "जरा फिरवून आणते" म्हणून त्याला घेऊन गेली. परत आला तो कपाळभर पांढरं, ओठांवर पांढरं.

विमल म्हणते, "असू दे गं आई, प्रेमानं लावलंय." प्रेमानं!

ओल्या फडक्यानं पुसत बसले. त्याला गुदगुल्या होत होत्या, खदखदून हसत होता. मला रडू आवरेना. ज्यानं आजोबाला खाल्लं तेच आजोबाच्या नावानं नातवाच्या तोंडात. आणि हे भूत उभं कुणी केलं? मीच केलं.

१८ नोव्हेंबर

कचेरीत. "आता तर देवस्थान झालं, बाई. हात लावला तर लोक आम्हाला फाडून खातील." निघताना साहेब हळूच म्हणाले, "आमच्या धाकटीचा खोकला हटत नाही. एखादी पुडी मिळेल का?"

२१ नोव्हेंबर

आज रांगेसमोर केस सोडले आणि घुमले. मी! ह्यांच्यासारखी खोकले. तो खोकला मला पाठ आहे. ह्यांच्या आवाजात म्हटलं, "श्वास कोंडतोय माझा. मला निजू द्या. पुड्या पाण्यात भिजवा, आत टाका. दार-खिडकी विटांनी बुजवा. अंगारा घरात ठेवील त्याच्या घरात मी खोकेन!"

सगळी रांग आडवी पडली. घराघरांतून पुड्या आल्या. साहेबांनी कचेरीतून विटा पाठवल्या, सिमेंट पाठवलं. दिवेलागणीला भिंत उभी.

माझ्या अर्जांवर एक वीट हलली नव्हती. घरी येऊन वंदनेला बसले. चौथ्या शीलापाशी थांबले. तशीच उठले.

२२ नोव्हेंबर

सकाळी आक्काबाई दारात. गोट्या खोकतोय. "आई, आता खोकल्याला काय लावू?" परवापर्यंत मी बाई होते.

"डॉक्टरकडे ने त्याला. आत्ताच्या आत्ता."

"हे तुमी सांगता, का खोकलोबा?"

पोरगं खोकतच होतं.

"खोकलोबा," म्हटलं.

लगेच निघाली.