न झाडलेलं अंगण

कामतघर, भिवंडी
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय मुख्तार,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या तुळजावहिनीचा गुडघा दुखतो, पण जिभेला काही झालेलं नाही. पुण्याची हवा तुला मानवली असेल. नूरैनला, सूनबाईंना आशीर्वाद सांग. नूरैन माझ्यावर चिडला असेल तर त्याला म्हणावं, लडकूकाकांचा फोन बिघडलाय.

बिघडलेला नाही. पण ते पुढे येईल.

आधी आनंदाची बातमी. अरे, आपल्या कामतघरात जंगल उगवतंय! कुठे, विचार. चाळीच्या गॅलरीत, जिन्यात, पाण्याच्या टाकीखाली, न्हाणीच्या खिडकीत. आमच्या शेजारची ऋतिका आठवते? दोन वेण्या घालून लगोरी खेळायची ती. आता कॉलेजला जाते. तिने आणि तिच्यासारख्या पोरांनी उद्योग मांडलाय. इथल्याच मातीतल्या झाडांच्या बिया आणायच्या, घरात रोपं वाढवायची आणि उंच झाली की कामवारी नदीच्या काठी नि शेलारच्या रस्त्याकडेला लावायची. कुंड्या कसल्या, माहीत आहे? सुताचे कोन! मागावर सूत संपलं की पुठ्ठ्याचा पोकळ कोन उरतो ना, त्यात माती, तळाशी कापसाचा बोळा. कोन भिजून सैल झाला की कोनासकट मोठ्या पिशवीत. मुळांना धक्का लागत नाही. आपण दोघांनी आयुष्य लूमच्या खडखडाटात घालवलं, हे आपल्याला कधी सुचलं नाही.

मीही उत्साहाने एक रोप घेऊन गेलो. गुलमोहर. आपल्या शाळेच्या फाटकावरचा, ज्याच्या पाकळ्या खात आपण कविता पाठ करायचो, त्याच जातीचा. ऋतिकाने पाहिलं नि हसली.

"काका, हा पाहुणा. इथला नाही."

"अगं, माझ्या आजाच्या वेळेपासून आहे!"

"पाहुण्याला चहा देतात काका, सातबाऱ्यावर नाव लावत नाहीत."

मी दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी आपणहून गेलो आणि त्यांना झाडांची नावं पाठ व्हावीत म्हणून चार ओळी करून दिल्या. आपल्या शाळेच्या चालीत म्हणून बघ:

करंज, कुसुंब, काटेसावर,
उंबर उभा ओढ्यावर,
ताम्हण, बेहडा, भोकर, बोर,
कुठं रं गेला आमचा मोर?

नोमान नावाचा पोरगा आहे त्यांच्यात, वडील लूमवर ड्युटी करतात. तो म्हणाला, "काका, मोर कौनसा झाड है?" मी समजावू लागलो की यमकासाठी काहीतरी लागतं. त्यावर म्हणतो, "काका, रोप को यमक नहीं, पानी मंगता है." सगळी पोरं खो खो हसली. मीसुद्धा.

पाणी! तिथेच सगळं अडलं. मे महिन्यात पत्रे तापले, टँकर येईना, गॅलरीतली रोपं माना टाकू लागली. ऋतिका रोज सकाळी मेलेली रोपं उचलायची. त्यांना हवी होती सावली आणि विहीर. आपल्या भागात दोन्ही एकत्र असलेली जागा एकच उरली आहे, मुख्तार. तुला माहीत आहे कुठली.

आबिदावहिनी गेल्या त्यानंतर तू मुलाकडे पुण्याला निघालास तेव्हा माझ्या हातात किल्ल्यांचं जुडगं दिलंस. म्हणालास, "ठेव. उघडू नको." मी ठेवलं. दोन वर्षं देवघराच्या खुंटीवर होतं.

मी उघडलं.

तुळजा म्हणाली, "त्याचा घर, त्याचा कुलूप, आनि तुमी कोन उघडनारं?" मी म्हटलं, फक्त अंगणाचं फाटक. आणि खरंच, जुडग्यातली दुसरी किल्ली मी वापरली नाही. घराचं दार तू जसं ओढून घेतलंस तसंच आहे. उंबरठ्यावर मी बसलोसुद्धा नाही.

पण अंगण पाहिलं आणि माझे पाय थांबले. तू लावलेला करंज आता कौलांच्या वर गेलाय. वहिनी तुला ऐकवायच्या ते आठवतं? "झाड लावलं तुमी, आनि कंबर मोडली माझी!" रोज सकाळी कराकरा झाडायच्या, शेंगा बंबात घालायच्या. एक शेंग म्हणून खाली राहू द्यायच्या नाहीत. आणि आता? दोन वर्षं त्या अंगणाला खराटा लागला नव्हता. विहिरीच्या कट्ट्यापासून फाटकापर्यंत करंजाच्या शेंगांचा खच! मला वाटलं, मी रडणार. तेवढ्यात नोमान गुडघ्यांवर बसला, ओंजळ भरली आणि ओरडला, "ऋतिका, इधर आ! ये तो खजाना है!"

मुख्तार, जिथे आपल्याला नुसतं न झाडलेलं अंगण दिसलं असतं, तिथे पोरांना बियाणं दिसलं. जुन्या शेंगांतलं बरंच किडलं होतं, पण यंदाच्या शेंगा टपोऱ्या. त्या रुजल्या. आज तुझ्या अंगणात कोनांच्या, पिशव्यांच्या रांगाच रांगा आहेत आणि त्यांतली निम्मी रोपं वहिनींच्या अंगणातल्याच बियांची. पोरं त्यांना 'आबिदाची रोपं' म्हणतात. त्यांनी वहिनींना पाहिलेलंसुद्धा नाही.

आता ते फोनचं.

गेल्या रविवारी नूरैनने पाठवलेला माणूस आला. गोडाऊनसाठी जागा बघायला. मला घर दाखवायचं होतं, नूरैनने तसं सांगितलं होतं. फाटकात उभा राहून त्याने विचारलं, "ही झाडं कधी हलणार?" ऋतिका माझ्याकडे बघत राहिली. हातात झारी, पाणी नुसतंच तिच्या पायावर पडतंय. तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं की घर विकायचंय. मीच सांगितलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, "मालकाचा विचार बदललाय. विकायचं नाही."

किती सहज बोललो रे! शाळेत पाठ केलेली ओळ म्हणावी तसा. नोमानने त्याला जाताना एक ताम्हण भेट दिलं आणि तो गोंधळून ते घेऊन गेला. मी हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. तेव्हापासून नूरैनचा फोन वाजतो आणि मी गुलमोहराच्या कुंडीकडे बघत बसतो.

पोरांचा एक नियम आहे: बकरीच्या तोंडाच्या वर गेल्याशिवाय रोप बाहेर काढायचं नाही. म्हणजे पुढचा जून. तेवढी मुदत मी तुझ्या नावाने परस्पर देऊन टाकली. पण फक्त रोपांसाठी दिली असं म्हटलं तर तेही खोटं. ते घर विकलं की तू भिवंडीला कशाला येशील? माझ्या कविता ऐकून "चूक, लडक्या, दुसरी ओळ खाल्लीस" म्हणणारं इथे कोण उरलं?

घर तुझं आहे. विकायचं असेल तर वीक. त्या माणसाला मी स्वतः फोन करून सांगेन की खोटं बोललो, आणि पोरं एका दिवसात सगळं उचलतील. ऋतिकाने तसं कबूलही केलंय, डोळे पुसत. पण किल्ली मी नूरैनच्या हाती देणार नाही, पोस्टाने पाठवणार नाही. तू ये. फाटकातून आत ये, विहिरीच्या कट्ट्यावर बस, पोरांनी दिलेला चहा पी. मग रोपांकडे बघून 'नाही' म्हण. मी ऐकेन.

आणि दुसरं दार तुझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही. ते उघडताना मी मागे उभा राहीन.

येताना खराटा आणू नकोस.

तुझ्या परवानगीवाचून तुझ्याच अंगणात बसून हे लिहिणारा,
लडकू