उपरण्याखालची दोन बोटं

नाना, आज कोर्टात जज्जसाहेबांनी साधा प्रश्न विचारला आणि मी पुन्हा क्षणभर गप्प राहिलो. इतकी वर्षं वकिली करूनही ही खोड जात नाही. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. दोनदा चहा झाला, सुनेने दोनदा विचारलं की काय शोधताय, आणि शेवटी तुम्हाला लिहायला बसलो. भांडायला बसलो असंच समजा, कारण ही खोड तुमची आहे.

तुम्ही बुऱ्हाणपूरच्या कापूस बाजारातले दलाल, बाहेरच्या गिरण्यांसाठी माल घेणारे. लहानपणी मी तुमच्या मांडीला टेकून बघायचो. उपरण्याखाली तुमचा हात आणि विकणाऱ्याचा हात, वर दोघांचेही चेहरे कोरे. बोटं धरून भाव सांगायचा. पटला तर समोरच्याने मूठ दाबायची, नाही पटला तर हात काढून घ्यायचा. सगळा सौदा तोंड न उघडता. आधी बोलेल तो हातचं घालवेल, हे तुम्ही न शिकवताच मी शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर नागपूरला कायदा शिकायला गेलो. अभ्यास दोन वर्षांचा, पण तुमची परवानगी एकाच वर्षाची. मग मुकाट्याने बाजारात गादीवर येऊन बसायचं.

दर शनिवारी आमचं लुटुपुटूचं कोर्ट भरायचं. प्राध्यापक जज्ज, आम्ही पोरं वकील, आणि सगळं इंग्रजीतून. संस्थानं विलीन होत होती ते दिवस, म्हणून खटलाही तसाच. एका राजाने शेतकऱ्याला तोंडी शब्द देऊन विहीर बहाल केली, पुढे राज्यच उरलं नाही, मग नव्या सरकारने तो शब्द पाळायचा का? मी शेतकऱ्याच्या बाजूचा. भाषण पाठ असायचं, पण मध्येच प्रश्न आला की माझं तोंड मिटायचं आणि चेहरा कोरा व्हायचा. वाटायचं, थोडं थांबलं की समोरचाच हलेल. ‘उत्तर देताय की मुहूर्त बघताय?’ प्राध्यापकांनी विचारलं, आणि वर्ग हसला तो थांबेचना. खाली बघतो तर टेबलाआड माझा हात बोटं चाळवत होता. त्या दिवाळीला घरी आलो तो, आता हे शिकणं पुरे, असं तुम्हाला सांगायचं ठरवूनच.

तर घरातच सुतक असल्यासारखं. आईने हळूच सांगितलं की बाजारात आता उपरण्याखालचा सौदा बंद झालाय, भाव सगळ्यांसमोर ओरडून बोलायचा. पहिल्याच दिवशी ढिगापाशी उभं राहून तुमचा आवाज फुटला नाही आणि माल दुसऱ्याने नेला. तेव्हापासून तुम्ही नीट जेवत नव्हतात. हे ऐकून मला तुमची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मला म्हणालात, ते कोर्टाचं काय ते करून दाखव. मी मराठीतून सुरू केलं. तुम्ही विचारलंत, राजा गेला तर त्याचा शब्द कोणी पाळायचा. मी गप्प.

“बोल ना,” तुम्ही म्हणालात. “इथं हातात हात नाही कोणाचा. समोरच्याले समजीन कसं?”

बोलून झाल्यावर तुम्हीच खाली बघायला लागलात. मी चिडलो होतो. म्हटलं, मग तुम्ही बोलून दाखवा. आणि तुम्ही खरंच उठलात, भिंतीकडे तोंड करून एक भाव बोललात. आवाज अर्ध्यातच चिरकला. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

“अजून जोरात,” ती म्हणाली. “मले नाही ऐकू आलं.”

मग सुट्टी संपेपर्यंत तेच. सकाळी मी विहिरीचा खटला लढायचा, मग तुम्ही भिंतीला भाव सांगायचा, आणि आईने दोघांनाही नापास करायचं. शेजारचे काय समजले असतील कोण जाणे. मी सोडणार आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

निघालो त्या दिवशी तुम्ही बुऱ्हाणपूरबाहेरच्या लालबागच्या स्टेशनापर्यंत आलात. भुसावळकडची गाडी लागली. तुम्ही काही न बोलता उपरणं काढलंत, माझ्या हातावर टाकलंत आणि खालून माझी दोन बोटं धरलीत. मी मूठ दाबायला हवी होती. मी हात काढून घेतला आणि तुमच्या पाया पडायला वाकलो. वर बघतो तर तुमचा चेहरा पडलेला. बाजाराच्या रिवाजाने मी सौदा मोडला होता.

तेव्हा तुम्ही बोललात. हमाल, उतारू, सगळा फलाट वळून बघायला लागला इतक्या मोठ्याने बोललात.

“दोन! पुरे दोन साल शिक!”

पुढच्या शनिवारी मी उत्तरं दिली. फार चांगली नव्हती, पण दिली. तुम्हीही त्या हंगामात ओरडून माल घेतलात, असं आईने कळवलं. तुम्ही गेलात तोवर ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ झाली होती. पाया पडायच्या घाईत मूठ दाबायचं पोराच्या लक्षातच राहिलं नाही, असं तुम्ही हसत सांगायचात, आणि मी मान डोलवायचो. नाना, चांगलं लक्षात होतं. दोन बोटं मला पहिल्या स्पर्शातच कळली होती. फक्त ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.