दाराजवळचा वाफा

सोमवार, २ मार्च. सोनगीर.

आज पॉलीहाऊसमधला लसूण उपटला. गेल्या आठवड्याच्या गारपिटीत शेजाऱ्यांचा कांदा-लसूण आडवा झाला, माझ्या छपराखाली एक पातही मोडली नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला जड जातं आहे.

मधल्या चार वाफ्यांत थंड डोंगराळ मुलखातून मुद्दाम मागवलेलं बियाणं होतं. गावभर सांगत फिरले होते मी. उपटलं तर खाली गड्डाच नाही. इथल्या उबेत तो धरणार नाही, हे मला कळायला नको होतं? बी.एस्सी. कशाला केलं मग?

दाराजवळचा वाफा मात्र! तिथे निंदायला येणाऱ्या भिकाबाईने सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या माहेरून आणलेला गुलाबी लसूण होता. तिचं मन राखायचं म्हणून मी उरलेली जागा दिली होती. गड्डा मुठीत मावेना, पाकळ्या घट्ट.

"अक्का, तुमना ते नुसता पाला शे. मना देखा!" म्हणाली. लसूण उपटायला आलेल्या बाया हसल्या. मी रागावणार होते, पण मलाच हसू आलं.

उद्या तालुक्यातले शेतकरी पॉलीहाऊस बघायला येणार आहेत, म्हणून उपटलेला लसूण ज्याच्या त्याच्या वाफ्यावरच ठेवला आहे. भिकाबाईला बजावलं, दाराजवळचा वाफा तूच दाखवायचा, आवाज मोठा ठेवायचा. पुढच्या वर्षी सगळ्या वाफ्यांत तुझंच बियाणं.

"आन तुमना वाफा कोन दखाडी?"

"मी," म्हटलं.

दाखवीनच, तेही मान वर ठेवून. चूक माझी आहे आणि छप्परही माझंच आहे.