तुझ्या लुगड्याचा मधला तुकडा

आये, गेल्या शनिवारी आणि रविवारी माझ्याबरोबर बायका गोधडी शिवायला बसल्या होत्या, एक मस्कतची, एक नागपूरची, आणखी कुठकुठच्या, आणि एकीलाही चहा द्यावा लागला नाही. हे ऐकून तू म्हणशील, पोरीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. नीट सांगते, फक्त माझ्या बोलण्याला फाटे फुटतात हे तुला ठाऊक आहे, तेव्हा जरा दम धर.

माझी नात, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे शेलारला आली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय फार हिंडायचं नाही. मग ती काय करते, तर तिच्या कॉलेजच्या वेळी बापाने आणलेला तो कॉम्प्युटर आहे ना, त्याच्यासमोर खुर्चीत बसते. कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखंच, पण मागून पोट सुटलेलं. माझी सून त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवते, नव्या नवरीसारखा झाकून. तर त्या कॉम्प्युटरमध्ये नातीला या बायका भेटल्या. ना नात्यातल्या, ना गावातल्या, एकमेकींना कधी पाहिलेलंही नाही. पण सगळ्यांना गोधडीचं वेड. त्यांनी ठरवलं की एका शनिवार-रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी शिवायला बसायचं, थोडं शिवून झालं की फोटो काढून तिथे लावायचा, आणि बाकीच्यांनी त्याखाली दोन शब्द लिहायचे. नात म्हणाली, "आजी, तू पण बस." मी म्हटलं, "मला कुठं ते एबीसीडी येतं?" तर म्हणाली, "तू सुई चालव, एबीसीडी मी बघते."

आये, खरं सांगू, मी वरवर नको नको केलं, पण आतून उड्या मारत होते. बायकांबरोबर बसून शिवल्याला किती काळ लोटला! काल्हेरला भाताची झोडणी उरकली की आपलं अंगण सारवून काढायचीस, आणि वाळलं की गोधडी अंथरायची. चार बाजूंना चार जणी. प्रत्येकीने आपल्या बाजूने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. चौघी चारीकडून ओढतात म्हणून कापड कसं ताणून राहायचं, पापडासारखं. मी तुझ्या मांडीला लागून बसलेली आहे, माझी सुई दिलेली आहेस मला, आणि मी दोरा खसकन ओढते. तू न बघताच म्हणतेस, "अगो, कापडाला फाशी देतंस का?" सगळ्या हसतात. मग कुणाच्या तरी सुनेची गोष्ट निघते, गोष्ट रंगात येते, आणि नेमकं तेव्हाच तू मला म्हणतेस, "जा बाय, पाणी आन." किती गोष्टी अर्ध्या राहिल्या माझ्या! अजून मला कळलेलं नाही की खाडीपलीकडच्या त्या नवरीने सासूला काय उत्तर दिलं होतं.

ते अंगण आता नाही. तिथे गोडाऊन आहे, मोठं, निळ्या पत्र्याचं. मध्ये एकदा भावाकडे गेले होते तर मुद्दाम तिथपर्यंत चालत गेले. ट्रक मागे मागे येत होता आणि त्यातून एक गाणं वाजत होतं. वॉचमनने विचारलं, "माताजी, किधर जाना है?" मी म्हटलं, "मायके आयी हूँ." तो हसला, मीही हसले. दुसरं काय करणार? तो बिचारा कुठल्या मुलखातून आलेला, त्याचंही कुठे अंगण असेलच. इकडे शेलारलाही आधी शिवणाऱ्या होत्या, मग एकेक करून गेल्या, राहिल्या त्यांनी ब्लँकेटं आणली. मी आपली एकटीच भिंतीला पाठ लावून शिवते.

तर शनिवारी सकाळी लवकर आवरून फरशीवर थर मांडले. बाजूच्या पॉवरलूमवाल्याकडची चिंधी होती, चांगली मऊ धुऊन ठेवलेली, सुनेची जुनी साडी होती, माझ्या मुलाचा एक सदरा होता. मधला तुकडा तेवढा राहिला होता. आपल्याकडे बाळाच्या गोधडीत मधोमध घरातल्या सगळ्यात जुन्या बाईचं लुगडं घालायचं, बाळाची पाठ त्याच्यावर टेकली पाहिजे. ही रीत तूच घालून दिलीस. तुझं ते वांगी रंगाचं, पिवळ्या काठाचं. त्यातला तुकडा माझ्या मुलाला गेला, मुलीला गेला, या नातीच्या गोधडीत गेला, आता पेटीत उशीच्या अभ्र्याएवढा उरला होता. तेवढाच. मी तो अधूनमधून काढून बघायची. तुझा वास कधीच उडाला, आता डांबराच्या गोळ्यांचा येतो, आणि गंमत बघ, मला त्या गोळ्यांचाच वास आवडायला लागला.

सून म्हणाली, "आई, तो राहू द्या ना. शेवटचा आहे. माझी एखादी साडी घ्या, पाहिजे तर लग्नातली घ्या." चांगली आहे पोर. मी तोऱ्यात म्हटलं, "पेटीत ठेवून काय त्याची पूजा करू?" म्हटलं खरं, पण कात्री हातात घेतली आणि हात पुढे जाईना. मग तू आठवलीस. माझ्या पहिल्या बाळंतपणाला तू गोधडी घेऊन आलीस आणि मी बघते तर मधोमध तुझं लग्नाकार्याला नेसायचं लुगडं! मी ओरडलेच, "आये, नेसायचं लुगडं कापलंस?" तू पदराने तोंड पुसत म्हणालीस, "नेसायला दुसरं मिळंल. नातू काय रोज होतोय?" मग मी पण कापलं. कडा सरळ करून घेतल्या आणि मधोमध ठेवलं.

आणि मग काय मजा आली म्हणून सांगू! नात फोटो काढून लावायची आणि कुणी काय लिहिलं ते वाचून दाखवायची. मस्कतच्या बाईने लिहिलं, "आजी, किती बारीक टाके! चष्मा आहे का दुर्बीण?" मी लाजले, या वयात. मी नातीला म्हटलं, "तिला विचार, ती काय शिवते?" तर तिची चांदण्यांची गोधडी, सगळी मशिनवर. नागपूरची शाळेत शिकवते, तिचे कोपरे काही केल्या जुळेनात, ती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "तिला लिही, उसव आणि जरा पड. उठलीस की जमेल." तिचं उत्तर आलं, "आजी, माझी आई अशीच बोलायची." बघ, ना ओळख ना देख. शेलार त्यांना कुठून ठाऊक, भिवंडीला लागून म्हणून मला त्या भिवंडीच्या आजी म्हणायला लागल्या. मध्येच लोडशेडिंग. कॉम्प्युटरची काच काळी झाली. मला वाटलं, बायका बोलता बोलता उठून निघून गेल्या. मी सुई धरून त्या काळ्या काचेकडे बघत बसले तर नात म्हणाली, "अगं आजी, त्या आहेत तिकडे, लाईट आपली गेली." लाईट आल्याबरोबर मी पहिलं विचारलं, "नागपूरवालीचे कोपरे जुळले का?" जुळले होते!

पण आये, या नादातच घोटाळा झाला. एकटीने शिवायचं तर जागा बदलत राहावं लागतं, एक ओळ या बाजूने, एक त्या बाजूने, हे मला न कळायला मी काय कालची आहे? पण मी बसले होते तिथून कॉम्प्युटर समोर दिसत होता. जागा बदलली की पाठ व्हायची. म्हणून मी तिथेच ठाण मांडून एकाच बाजूने शिवत सुटले, आणि रविवारी दुपारी हात फिरवून बघते तर सगळं कापड सरकत सरकत मध्ये गोळा झालेलं. नेमका तुझ्या तुकड्यावर झोळ. पुरी फुगावी तसा वर आलेला.

एक टाका उसवून बघितला, तर दोऱ्याबरोबर लुगड्याचे धागेच निघून आले. मसुराएवढं भोक पडलं. इतकं विरलेलं कापड, ते उसवणं कुठलं सोसणार! मी नातीला म्हटलं, "आता फोटो काढू नको." ती वाकू शकत नाही, तरी मान लांब करून बघितलंनच. सून आतून पिठाचे हात घेऊन आली. "मी काही बोलत नाही हं," म्हणाली. मी म्हटलं, "बोललीसच की!" आणि मला रडू आलं. लहान पोरासारखं, त्या दोघींच्या देखत. शेवटचा तुकडा होता, आये. तू गेल्यावर तुझं असं हाताला लागणारं तेवढंच होतं, आणि मी ते काचेतल्या बायकांच्या गप्पांपायी घालवलं असं वाटलं.

नातीने मला न विचारता सगळं लिहून टाकलं. मस्कतची म्हणाली, तो तुकडा अलगद काढून घ्या आणि दुसरा लावा. नागपूरची म्हणाली, "पोट आलंय तर येऊ द्या, घरात आणखी एक आहेच." नात पोट धरून इतकी हसली की सूनच घाबरली. आणि मग थोड्या वेळाने त्याच नागपूरवालीने लिहिलं, "आजी, मी माझी सुई खाली ठेवलीय. तुमचं होईपर्यंत उचलणार नाही." तिच्याखाली मस्कतच्या बाईने लिहिलं, मी पण मशीन बंद केलं. मग आणखी एकीने, आणखी एकीने. नात एकेक वाचत गेली. सगळ्या आपापल्या घरी हात थांबवून बसल्या, माझ्यासाठी.

मग मी नाक पुसलं आणि सुनेला म्हटलं, "हात धू आणि समोर बस." तिने जन्मात सुई धरलेली नाही. "मला जमणार नाही हो आई." "शिवायचं नाय, धरायचं. ओढ गो तुझ्याकडं." तिने ओढलं, मी माझ्याकडून ओढलं, आणि तळहाताने तो झोळ हळूहळू सारत एका रेषेत आणला. उसवायचं काही नाही असं ठरवलं. मग तू लुगडं नेसताना निऱ्या घालायचीस ना, बोटांवर मोजल्यासारख्या, तशी एक निरी घातली तुझ्या तुकड्याला, आणि ती आडवी पाडून बारीक टाक्यांनी बसवली. भोक तिच्या पोटात गेलं. आणि गोधडी सपाट झाली, आये! फोटो गेला. पहिली मस्कतची: "आजी, मधली ती डिझाईन कशी केलीत? आम्हाला शिकवा!" मी म्हटलं, "लिही, आपोआप झाली." मग सगळ्यांनी सुया उचलल्या.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं? नातीने कागद-पेन दिलं, म्हणाली, चार ओळी तुझ्या तू लिही, मी टाईप करते. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, तीही मास्तर आला तर, पण लिहिलं: मला माझ्या आईने शिकवलं, ती काल्हेरची. तेवढं तिने घातलं. पण पेन थांबेना. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहिते आहे, हे काही त्या बायकांसाठी नाही. तुलाही कुठे पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की तू ते पदरात बांधून मास्तरकडे जायचीस, आणि वाचून झालं तरी पुन्हा वाच म्हणायचीस. आता तिथे कोण वाचून दाखवणार, आणि दोनदा?

अजून एक राहिलं. नव्या गोधडीवर पहिल्यांदा बाळाने झोपायचं, त्याआधी घरातल्या कुणी अंगावर घ्यायची नाही, हे तूच मला बजावलं होतंस. आज दुपारी सून नातीला तपासायला घेऊन गेली. मी म्हटलं, तुम्ही या, मी गोधडीला ऊन दाखवून ठेवते. त्या गेल्या तशी मी दार लोटलं, आडवी झाले आणि ती अंगावर घेतली. बाळाची ती, केवढीशी, पाय उघडेच राहिले. मी गुडघे पोटाशी घेतले. तुझी ती निरी बरोबर गालाखाली आली, आणि मला झोप लागली, अशी झोप की दाराची कडी वाजली तेव्हाच जाग आली. घाईघाईने घडी केली. सुनेने हात लावून बघितला, म्हणाली, "आई, किती गरम आहे हो!" मी म्हटलं, "ऊनच तसं हाय आज."