लालसूभाऊचे हात

१२ एप्रिल
लालसूभाऊ रागात होता का? पोलीस तीनदा विचारून गेले. मला सांगता येत नाही.

सकाळी मोहफुलं वेचताना त्याच्या बायकोला वाघानं धरलं. मानेखालचं लिहवत नाही. पंचनाम्याशिवाय प्रेत उचलता येत नाही, म्हणून आम्ही वनखात्याच्या लोकांनी थांबवलं. गावची पोरं काठ्या घेऊन ओरडत होती, "गार्डबाई, तुमचा वाघ तुमच्या घरी बांधा ना!"

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं: कोण अंगावर येईल ते ओळखायला मुठी बघा, जबडा बघा. जागेभोवती दोरी बांधली होती, पोरांना तिच्यामागे नेलं. लालसूभाऊला आत राहू दिलं. खांदे सैल, मुठी उघड्या. खांद्यावर कुऱ्हाड, पण ती इथं सगळ्यांच्याच असते. उलट मलाच म्हणाला, "पानी पे बाई, तोंड सुकलं तुयं."

मोजमापाच्या आड येते म्हणून वनपालसाहेबांनी तिची टोपली पायानं सारली. फुलं सांडली. लालसूभाऊनं बसून एकेक वेचलं, टोपली तिच्या उशाशी ठेवली. उठला आणि कुऱ्हाड घातली. साहेबांच्या खांद्याचं हाड दिसलं. रक्त माझ्या तोंडावर.

काठ्या टाकून त्याला धरलं ते दोरीमागच्या पोरांनीच.

मग आमच्या खात्याच्या मजुरांनी त्याला तुडवला. दात पडले. चेहरा तसाच, पाणी देतानाचा. मी "पुरे" म्हणाले. उशिरा म्हणाले.

१३ एप्रिल
साहेब वाचतील. हाताचं डॉक्टर बोलत नाहीत.

१४ एप्रिल
हवालदार म्हणाले, "मॅडम, 'शांत होता' लिहिलं तर ठरवून मारलं असं होते. लंबा आत जाईन तो. 'रागात' लिहिलं तर काऊनचा राग, हे येते."
राग कशाचा, म्हणजे टोपली.

ऑफिसातले बाबूभाऊ घरी आले. "टोपलीचं कायले काढतं? साहेब मरता मरता वाचले. तुयी नोकरी नवी आहे."

बाबांना फोन केला. "घरात शिकलेली तू एकटी. मले काय इचारतं?"

१५ एप्रिल
आरशासमोर उभी राहून खांदे सैल सोडले, मुठी उघडल्या. आत नुसता जाळ. बाहेर काही नाही.

१६ एप्रिल
जबाब दिला. 'शांत' नाही, 'रागात' नाही. पाणी दिलं, फुलं वेचली, टोपली ठेवली, कुऱ्हाड घातली. नंतर त्याला कोणी तुडवला, ते नावांसकट.

हवालदार : "त्याचं मन कसं होतं, ते राह्यलं."
"ते मला दिसलं नाही."

टोपली कोणाच्या पायानं सरकली, तेही लिहिलं. सही करून आले.