माझ्या भट्टीच्या विटा

मी, विदानगे मार्टिन, वय एक्क्याऐंशी, सिंहली, धर्माने बौद्ध, धंदा पाव भाजणे, राहणार मातारा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि सकाळचा चहा स्वतः करून पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मुलगा चंदन सगळीकडे सांगत फिरतो की म्हाताऱ्याला भ्रम झालाय. डॉक्टरांचा दाखला त्यासाठीच सोबत जोडला आहे.

१. मातारातलं राहतं घर चंदनला. माझी बायको सोमावती गेल्यावर त्यानेच मला सांभाळलं, दवाखाने केले. ते मी नाकारत नाही. आम्ही भांडतो ते एकाच गोष्टीवरून, आणि ती खाली येते आहे.

२. बँकेतली शिल्लक सून निलूकाला. माझे पत्र्याचे साचे आणि भट्टीत पाव सारायचं लांब लाकडी फावडंही तिलाच. तिच्या हाताला पिठाची समज आहे. चंदनच्या विहारातल्या नंदाराम भन्तेंना काहीही नाही. माझ्या सातव्या दिवसाच्या दानाला भिक्षू दुसऱ्या विहारातून बोलवावेत. हा माझा राग आहे आणि तोही मी शुद्धीवर असतानाच लिहितो आहे.

३. आता जाफन्याची, उत्तरेकडच्या तमिळ मुलखातली जागा. ती माझ्या मामाने घेतली, मागाहून माझ्या नावावर केली. मी पोरसवदा असताना त्याच्याबरोबर गेलो आणि तिथलाच झालो. तिथली भट्टी मी माझ्या हातांनी बांधली, गोल, विटांची, वर घुमट. शेजारचा सबारत्नम माझ्याबरोबर चिखल तुडवत होता आणि ओरडत होता, "अरे मार्टिन, पाव भाजणार आहेस की हत्ती?" सगळी आळी आमचाच पाव खायची.

त्र्याऐंशीच्या जुलैत कोलंबोत सिंहली जमावाने सबारत्नमच्या भावाला दुकानासकट जाळलं. बातमी आली त्या दिवशी आळीतली तमिळ पोरं माझ्या दारावर चालून आली. सबारत्नम दारात आडवा झाला. भावाचं सुतक अंगावर असताना त्याने मला, सोमावतीला आणि तान्ह्या चंदनला आपल्या घरात लपवलं आणि मग लॉरीत बसवून दिलं. चंदन, हे तुला शंभरदा सांगितलं. तुला पाठ आहे, पण पटत नाही.

लढाई संपून रस्ता उघडला तेव्हा मी चंदनला घेऊन गेलो. बेकरीचं छप्पर उडालेलं, भट्टीचा घुमट अर्धा कोसळलेला आणि त्यातून पिंपळ उगवलेला. कावळ्याने बी टाकलं असणार, दुसरं काय! चंदनने चपला काढून हात जोडले. म्हणाला, "तात्ता, हा तर स्तूप!" मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय.

पुढे नंदाराम भन्ते आले, बौद्ध झेंडा लागला. कोलंबोहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब येऊन विटा पाहून गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणे! अहो, आतल्या बाजूला अजून काजळी आहे! मी म्हटलं, "साहेब, ही भट्टी मी बांधली." साहेब चंदनला म्हणाले, "यांना जरा सावलीत बसवा."

दुसऱ्या बाजूचंही लिहितो. सबारत्नम गेला. त्याची मुलगी तवमणी तिथेच राहते. तिचा मुलगा शेवटच्या लढाईत फौजेला शरण गेला तो परत आला नाही. आळीतल्या पोरांनी पिंपळाखाली पिल्लैयार गणपती मांडला आणि विटा जुन्या देवळाच्या म्हणून सांगायला सुरुवात केली. दोन्हीकडून दगड आले, मग कोर्टात दावा गेला. तवमणी माझ्याच भट्टीचा पाव चहात बुडवून खात मोठी झाली. तिला मी म्हटलं, "पोरी, तू तरी खरं सांग."

ती म्हणाली, "मामा, भट्टी म्हटलं तर तुमचे लोक म्हणणार, बघा, इथे सिंहली राहतच होते. मग जागा गेलीच. देऊळ म्हटलं तर निदान पुढची तारीख तरी पडते."

तिचं म्हणणं होतं तसं लिहिलं आहे.

तरी ही जागा मी तवमणीला देतो. अट एकच, भट्टी पायापर्यंत पाडावी आणि पिंपळ तोडावा. पिंपळाला कुऱ्हाड लावणारा माणूस त्यांच्यात नाही आणि आमच्यातही नाही, हे मला कळतं. मी स्वतः कोयता घेऊन गेलो होतो, तो तसाच घेऊन परत आलो. तवमणीने फोनवर सांगून टाकलंय, "माझं नाव घालू नका मामा. तमिळ हाताने एक वीट हलली की पोलीस दारात." मी नाव घातलं आहे. ती घेणार नाही आणि जागा शेवटी चंदनकडेच जाईल. दुसरं कुणाचं नाव माझ्यापाशी नाही.

४. माझी राख जाफन्याला न्यावी, भट्टीच्या तोंडाशी पुरावी, असं मी आजवर सांगत आलो. ते आज रद्द करतो. राख तिथे गेली की तिच्यावर घुमट चढवतील आणि वर्षभरात मी कुणीतरी पूज्य अर्हत ठरेन. अहो, मी पाव भाजणारा माणूस! इथे मातारात मला अजून 'तमिळ मार्टिन' म्हणतात, तरी राख इथल्याच निलवला नदीत सोडावी. मला तिकडे जायचं होतं. फार जायचं होतं.

५. भट्टी मी बांधली हे डोळ्यांनी पाहिलेला आता एकच माणूस उरला आहे, गमागे विमलसेन. त्याने विटा वाहिल्या, त्र्याऐंशीत मी आलो त्याच लॉरीतून तो परत आला. उद्या कोर्ट विचारेल तेव्हा एक तरी तोंड असावं म्हणून मी साक्षीला मुद्दाम त्याला बोलावलं आहे. तो समोर बसला आहे. वरचं सगळं त्याला वाचून दाखवलं.

ठिकाण: मातारा
तारीख: ११ ऑगस्ट २०२२
सही: विदानगे मार्टिन

साक्षीदार पहिली: के. जी. इंद्राणी, नोटरींच्या कचेरीतील लेखनिक. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: गमागे विमलसेन. सही माझ्यासमोर झाली. भट्टीबद्दल मला काही आठवत नाही. माझा नातू फौजेत आहे. मार्टिन, रागावू नकोस.